नाशिकमध्ये राहून लिंगभाव आणि लैंगिकतेतल्या वैविध्याचा अभ्यास कसा सुरू करावा

समाजशास्त्र, समाजकार्य, नर्सिंग किंवा वैद्यकीय शिक्षण घेणारे बरेच विद्यार्थी कधी ना कधी या विषयाकडे वळतात. काही जण कुठल्याच अभ्यासक्रमात नसतात. घरातल्या कुणामुळे किंवा स्वतःमुळेच त्यांना हे समजून घ्यायचं असतं. सुरुवात बहुधा एकाच ठिकाणी अडते. इंटरनेटवर सामोआ, थायलंड, मेक्सिको, अल्बानिया अशी नावं सापडतात, प्रत्येकापुढे दोन ओळींची माहिती असते, आणि ती सगळी वाचून झाली तरी समज काही वाढत नाही. म्हणून माझं सांगणं असं आहे: आधी एक जागा, एक समूह, एक प्रथा नीट ओळखा. जग त्यानंतर वाचा. नाशिक जिल्ह्यात राहणाऱ्याला त्यासाठी लांब जावं लागत नाही.

आधी प्रश्न छोटा करा

‘तृतीयपंथीयांचे जीवन’ हा प्रश्न नव्हे, ते नुसतं शीर्षक झालं. प्रश्न असा हवा की त्याच्या उत्तरासाठी उद्या सकाळी कुठेतरी जाता येईल, कुणाशी बोलता येईल किंवा एखादा कागद उघडता येईल. उदाहरणार्थ:

कोजागरीला सप्तशृंगी गडावर येणारे तृतीयपंथी कोणाबरोबर येतात? गुरूबरोबर, घरच्यांबरोबर की एकटे?

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत नोकरीला आलेला समलिंगी तरुण भाड्याची खोली घेताना घरमालकाला स्वतःबद्दल काय सांगतो आणि काय सांगत नाही?

सरकारी दवाखान्यात केसपेपर काढताना ट्रान्स स्त्री (जन्मतः मुलगा ठरवलेली, पण स्वतःला स्त्री मानणारी) कुठल्या रांगेत उभी राहते? दाखल व्हायची वेळ आली तर तिला कुठल्या वॉर्डात जागा मिळते?

हे प्रश्न लहान दिसतात, पण त्यांच्या आत नातं, श्रद्धा, पैसा, शरीर, कायदा असं सगळं येतं. एका सत्राच्या प्रकल्पाला असा एकच प्रश्न पुरतो. प्रश्न लिहून झाल्यावर स्वतःला विचारा की याचं उत्तर एखाद्या माणसाला त्रास न देता, फक्त वाचनालयात बसून मिळेल का? मिळणार असेल तर माणसांकडे जाऊ नका. ज्यांच्याकडे दरवर्षी नवे विद्यार्थी तीच प्रश्नावली घेऊन येतात, त्यांचा वेळ आणि धीर दोन्ही मोलाचे आहेत.

चार गोष्टी एकमेकींत मिसळू देऊ नका

पहिली गोष्ट शरीर: जन्मतः असलेली शारीरिक रचना. इंटरसेक्स व्यक्तींचे प्रश्न इथून सुरू होतात. दुसरी लिंगभाव: माणूस स्वतःला आतून काय मानतो. तिसरी आकर्षण: कोणाविषयी ओढ वाटते. चौथी भूमिका: समाजाने त्या माणसाला दिलेलं काम, मान आणि बंधनं. शहरात शिकलेल्या माणसाला पहिल्या तिन्हींची सवय झालेली असते. चौथी त्याच्या नजरेतून सुटते, आणि जगातल्या कितीतरी समाजांत नेमकी तीच सगळ्यात ठळक असते.

उत्तर अल्बानियाच्या डोंगराळ भागातल्या ‘बुर्नेशा’ पाहा. ‘कानून’ नावाच्या रूढीनुसार एखादी स्त्री आजन्म ब्रह्मचर्याची शपथ घेई आणि त्यानंतर पुरुष म्हणून जगे. पुरुषी कपडे, हत्यार बाळगण्याचा हक्क, घराचं कर्तेपण, वारसा, सगळं तिच्याकडे येई. घरात पुरुष वारस उरलेला नसणं हे एक मोठं कारण होतं. ठरवलेलं लग्न टाळणं हे दुसरं. तिला कोण आवडतं हा प्रश्न त्या शपथेतच बाजूला पडलेला असे. आपण तिला सरसकट ‘ट्रान्स पुरुष’ म्हटलं, तर जमीन, वारसा आणि लग्न यांचा तिथला सगळा हिशेब आपल्या अहवालातून गायब होतो.

इंडोनेशियाच्या सुलावेसी बेटावरचे बुगीस लोक पाच प्रकार मानतात: ओरोआने म्हणजे पुरुष, माक्कुनराई म्हणजे स्त्री, चालाबाई आणि चालालाई हे दोन्हींच्या रूढ चौकटीबाहेरचे, आणि पाचवे बिस्सू. बिस्सू हे पुरोहित. स्त्री आणि पुरुष हे दोन्ही अंश त्यांच्यात एकत्र आहेत असं मानलं जातं आणि त्यामुळेच त्यांना विधी करण्याचा अधिकार मिळतो. म्हणजे इथे लिंगभाव आणि पौरोहित्य वेगळं काढताच येत नाही. विसाव्या शतकाच्या मध्यात त्या भागातल्या धार्मिक बंडाच्या काळात बिस्सूंचा मोठा छळ झाला आणि ते फार थोडे उरले. ‘तिथे पाच लिंगं आहेत आणि सगळे सुखी आहेत’ असं वाक्य लिहिण्याआधी हेही वाचलेलं असावं.

मेक्सिकोतल्या ओहाका राज्यात हुचितान नावाचं गाव आहे. तिथल्या झापोतेक समाजातल्या ‘मुशे’ भरतकाम करतात, बाजारात बसतात, सणासमारंभांची सजावट करतात, आणि म्हाताऱ्या आईवडिलांना सांभाळण्याची जबाबदारी अनेकदा त्यांच्यावर असते. नोव्हेंबरमधला त्यांचा रात्रभर चालणारा उत्सव आता जगप्रसिद्ध आहे. तरी प्रत्येक घर मुशेला आनंदाने स्वीकारतं असं नाही, आणि हिंसाही होते.

आता आपल्याकडे या. हिजडा समाजात गुरू-चेल्याचं नातं हा कणा आहे. रीत, म्हणजे समाजात घेण्याचा विधी, झाल्याशिवाय कोणी चेला होत नाही. घराणं असतं, गुरूची गुरू म्हणजे नानी असते, गुरुभाऊ असतात, बधाई (शुभप्रसंगी आशीर्वाद देऊन घेतलेले पैसे) आणि मंगतीचे (भिक्षा मागण्याचे) इलाके वाटून घेतलेले असतात. जोगती परंपरा वेगळी. ती रेणुका-यल्लम्माशी जोडलेली आहे, कोल्हापूर-सांगली-सोलापूरपासून कर्नाटकातल्या सौंदत्तीपर्यंत तिचा पसारा आहे, आणि तिथे माणूस सांगतो की देवीने मला ओढलं. परडी, चौंडकं, डोक्यावरचा जग (टोपलीत मांडलेली देवी) ही तिची खूण. एकच व्यक्ती जोगतीही असते आणि हिजडा घराण्यातही असते, असंही दिसतं. आणि आज नाशकात कॉलेजात शिकणाऱ्या, दुकानात किंवा ऑफिसात काम करणाऱ्या अशाही ट्रान्स स्त्रिया आहेत ज्या यांपैकी कशातच नाहीत. या तिघींना एकाच शब्दाखाली गोळा केलं की अभ्यास तिथेच संपतो.

उलट दिशेनेही घाई नको. नाशिक जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यात, सुरगाणा, पेठ, त्र्यंबकच्या बाजूला, बोहाडा होतो. त्यात पुरुष देवीचे मुखवटे घालून नाचतात. बालगंधर्वांनी रंगभूमीवर स्त्रीभूमिका अशा केल्या की पुण्या-मुंबईच्या स्त्रिया त्यांच्या साड्या आणि दागिन्यांचं अनुकरण करत. तमाशातला नाच्या आहे. गणपत पाटलांनी ती भूमिका पडद्यावर अजरामर केली आणि लोकांनी तीच त्यांची खरी ओळख समजल्यामुळे आयुष्यभर त्रास सोसला. सोंग, कला, श्रद्धा आणि ओळख यांची सरमिसळ करून एखाद्या कलावंतावर ओळख लादणं हा त्याच्यावर अन्याय आहे. कधी मंचावरची भूमिका हीच एखाद्याला स्वतःकडे जाण्याची पहिली वाट ठरते हेही खरं, पण ते त्या व्यक्तीने सांगायचं असतं.

वाचन: काय आणि कोणत्या नजरेने

१८४० साली सुरू झालेलं सार्वजनिक वाचनालय नाशिककरांच्या हाताशी आहे. गोवर्धनजवळ यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे आणि म्हसरूळला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ. महाविद्यालयांची ग्रंथालयं आहेतच. सुरुवात मराठीतून करा. र. धों. कर्व्यांचं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक १९२७ पासून १९५३ पर्यंत, ते जाईपर्यंत, चाललं. लैंगिकतेवर उघडपणे, वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देत, मराठीत लिहिण्याची ती परंपरा आपलीच आहे. १९३४ मध्ये त्यांच्यावरच्या अश्लीलतेच्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. हा विषय परदेशातून आला असं कोणी म्हणालं तर हे अंक दाखवा. मात्र कर्व्यांचं शास्त्र त्यांच्या काळाचं आहे. त्यांची निर्भयता घ्या, त्यांची प्रत्येक माहिती घेऊ नका. आजच्या लेखनात बिंदुमाधव खिरे यांचं समलैंगिकतेवरचं मराठी लेखन आणि दिशा पिंकी शेख यांची कविता नक्की वाचा. स्वतःच्या अनुभवातून, स्वतःच्या भाषेत बोलणारा आवाज आधी ऐकला की संशोधकांचे लेख वेगळे वाचता येतात.

जुने सरकारी कागद वाचताना फार सावध राहा. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा नाशिकचा खंड १८८३ चा आहे. त्यात बाजार, पिकं, जाती, देवस्थानं यांची दाट माहिती आहे, पण लिहिणाऱ्याची नजर राज्यकर्त्याची आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या दुसऱ्या भागाने तर हिजड्यांची नोंदवही ठेवायला लावली, सार्वजनिक जागी स्त्रीवेश घालणं आणि नाचणं शिक्षापात्र ठरवलं. तो भाग मुख्यतः वायव्य प्रांतात, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशाच्या भागात, राबवला गेला. ज्या अधिकाऱ्याला कोणावर तरी नजर ठेवायची आहे, त्याने केलेलं वर्णन पुरावा म्हणून वापरताना ‘हे कोणी, कशासाठी लिहिलं’ ही ओळ प्रत्येक टिपणापुढे लिहा.

महाराष्ट्रात अभ्यास करणाऱ्यांसाठी एक समृद्ध, कमी चाललेली वाट आहे. मराठी राजवटीत हिजड्यांना ठरावीक भागांत भिक्षा आणि थोडं उत्पन्न गोळा करण्याचे वंशपरंपरागत, म्हणजे गुरूकडून चेल्याकडे जाणारे, हक्क होते. एकोणिसाव्या शतकात मुंबई सरकारने इनामांची तपासणी सुरू केली तेव्हा या हक्कांवर पत्रव्यवहार झाला आणि शेवटी ते बंद करण्यात आले. म्हणजे ज्या मंगतीकडे आज आपण उपद्रव म्हणून बघतो, तिच्या मागे एकेकाळी राज्याने मान्य केलेला हक्क होता. हा विषय धरायचा तर मोडी शिकावी लागेल आणि पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तरापुढे बसावं लागेल. इतिहासाच्या विद्यार्थ्याने हे करावंच असं मला फार वाटतं.

‘प्राचीन भारतात सगळं मान्य होतं, इंग्रजांनी बिघडवलं’ हे वाक्य तुम्हाला सगळीकडे भेटेल. शिखंडी आणि बृहन्नडा आहेत, कामसूत्रात तृतीया प्रकृतीचा उल्लेख आहे, गुजरातेत हिजड्यांची देवी बहुचराजी आहे, तमिळनाडूत कूवागमला तृतीयपंथी ज्याला पती मानतात त्या अरावनाचा उत्सव आहे. त्याच परंपरेत धर्मशास्त्रांतली प्रायश्चित्तं आणि अर्थशास्त्रातले दंडही आहेत. समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारं इंग्रजांचं १८६० च्या दंडसंहितेतलं कलम ३७७ घातक होतं यात शंका नाही. पण आधीचा काळ सोन्याचा होता हे त्यातून सिद्ध होत नाही.

परदेशी मानववंशशास्त्र वाचताना मार्गारेट मीड आणि डेरेक फ्रीमन यांचा वाद जरूर समजून घ्या. मीड यांनी १९२८ मध्ये सामोआतल्या किशोरींच्या मोकळ्या लैंगिक आयुष्याचं चित्र मांडलं. फ्रीमन यांनी १९८३ मध्ये, मीड यांच्या निधनानंतर, ते चुकीचं असल्याचा दावा केला. पुढे फ्रीमन यांच्या पुराव्यांवरही टीका झाली. कोण बरोबर यापेक्षा, दोन जाणकार माणसं एकाच सामोआतून इतकी वेगळी उत्तरं घेऊन कशी आली, त्यांना कोण भेटलं आणि कोण भेटलं नाही, हे तपासण्यात खरं शिक्षण आहे.

वैद्यकीय आणि नर्सिंगच्या विद्यार्थ्यांनी जुनी पाठ्यपुस्तकं तारखेसकट वाचावीत. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. ट्रान्स असणं मानसिक आजारांच्या प्रकरणातून बाहेर आलं ते त्याच यादीच्या अकराव्या आवृत्तीत, जी २०२२ पासून लागू झाली. तरी २०२४ मध्ये आपल्या वैद्यकीय आयोगाच्या नव्या अभ्यासक्रमात स्त्रियांमधले समलिंगी संबंध पुन्हा अनैसर्गिक गुन्ह्यांत बसवले गेले होते. विरोध झाल्यावर तो मजकूर मागे घ्यावा लागला. छापलेलं आहे म्हणून ते शास्त्र आहे असं नाही.

कायदा

याची एक पानभर टाचण करून जवळ ठेवा. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याबाहेर काढले, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला, १५ एप्रिल २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यातल्या निकालाने लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला, ६ सप्टेंबर २०१८ ला कलम ३७७ चा जाच संमतीच्या संबंधांपुरता संपला. २०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळखपत्र देण्याची पद्धत आणली. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला. कायद्याचा मजकूर नेहमी ताज्या दुरुस्त्यांसह, मूळ स्वरूपात वाचा. बातमीवर विसंबू नका.

आकड्यांशी वागताना

२०११ च्या जनगणनेत स्त्री-पुरुषांशिवाय ‘इतर’ असा पर्याय पहिल्यांदा आला. देशभरात ४,८७,८०३ आणि महाराष्ट्रात ४०,८९१ जणांची नोंद त्याखाली झाली. देशाच्या आकड्यात सहा वर्षांपर्यंतची ५४,८५४ मुलंही आहेत. आता विचार करा. चार वर्षांच्या मुलाबद्दल ‘इतर’ हे कोणी सांगितलं आणि कशावरून? आणि आईवडिलांबरोबर राहणाऱ्या ट्रान्स मुलीची नोंद दारात आलेल्या प्रगणकाकडे वडिलांनी काय म्हणून केली असेल? हा आकडा माणसांपेक्षा नोंदणीबद्दल जास्त सांगतो. समलिंगी, उभयलैंगिक (स्त्री-पुरुष दोघांविषयी ओढ वाटणाऱ्या) व्यक्तींची तर मोजणीच नाही. ‘नाशिकमध्ये इतके आहेत’ असं वाक्य अहवालात घालण्याचा मोह टाळा.

परवानगी, गुप्तता आणि आपली जबाबदारी

या टप्प्याला सगळ्यात जास्त वेळ द्या. महाविद्यालयात नीतिसमिती असेल तर तिची मंजुरी घ्या. नसेल तर मार्गदर्शक शिक्षकांसमोर आपल्या अभ्यासातून कुणाला काय धोका होऊ शकतो हे लिहून ठेवा.

नाशिक वाढलं असलं तरी ओळखीपाळखीचं शहर आहे. ‘सिडकोत राहणारी, पूर्वी अमुक कारखान्यात असलेली’ एवढ्यावर माणूस ओळखू येतो. नाव बदलणं म्हणूनच पुरत नाही. वस्ती, व्यवसाय, वय, गाव यांपैकी काय बदलायचं आणि काय गाळायचं हे त्या व्यक्तीला विचारूनच ठरवा. संमतीपत्रावरची सही हीसुद्धा ओळख उघड करणारी गोष्ट असते. ज्याने घरी सांगितलेलं नाही, त्याच्या सहीचा कागद तुमच्या बॅगेत असणं हाच धोका आहे. अशा वेळी सगळं समजावून तोंडी संमती घ्या आणि तारखेसह टोपणनावाने नोंद करा. ध्वनिमुद्रण फोनमध्ये ठेवू नका, कुठल्याही ग्रुपवर टाकू नका, लिहून काढल्यावर ठरल्या दिवशी पुसा.

अठरा वर्षांखालच्या कुणाचीही या विषयावर मुलाखत नवख्याने घेऊ नये. पोक्सो कायदा २०१२ चा आहे. मुलावर अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं त्यात बंधनकारक आहे, आणि अशा वेळी त्या मुलाचं पुढे काय होईल हे सांभाळायची तयारी विद्यार्थ्याकडे नसते. प्रौढांनाही जुन्या आठवणींनी त्रास होतो. बोलणं थांबवायची मोकळीक आधीच द्या. समुपदेशनासाठी कोणाकडे पाठवायचं ते ठरलेलं असू द्या. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक तरी जवळ हवाच.

हिजडा घराण्यात जायचं असेल तर गुरूची परवानगी आधी. हा रिवाज आहे आणि तो पाळावा. पण गुरूसमोर ‘हो’ म्हणणाऱ्या चेल्याची ती स्वतःची संमती असेलच असं नाही. तिला नंतर, एकटीला, नाही म्हणायची संधी द्या. आणि ती नाही म्हणाली हे गुरूपर्यंत जाणार नाही याची काळजी घ्या.

पहिल्या भेटीत ऑपरेशन, जुनं नाव आणि कमाई यांबद्दल विचारू नका. खरं तर दुसऱ्या भेटीतही नको. त्या स्वतः सांगतील तेव्हा ऐका. कसं हाक मारू, हे विचारा. ताई, मावशी, अम्मा, गुरू, त्या सांगतील ते. चहा दिला तर घ्या. पैशाबद्दल मतं वेगळी आहेत. माझं मत असं की दोन तास मंगती सोडून कोणी तुमच्यासमोर बसत असेल तर त्या वेळेचा मोबदला द्यावा, रक्कम आधी ठरवावी आणि अहवालात तशी नोंद करावी. फुकट घेतलेली माहिती जास्त शुद्ध असते यावर माझा विश्वास नाही.

प्रत्यक्ष निरीक्षण: गड आणि कुंभ

वणीचा सप्तशृंगी गड हे सुरुवातीला उत्तम ठिकाण आहे. कोजागरीला नद्यांचं पाणी घेऊन कावडीवाले गड चढतात आणि त्याच दिवशी राज्यभरातून तृतीयपंथी देवीच्या दर्शनाला येतात, छबिना निघतो. पहिल्या वर्षी काहीही विचारू नका, फोटो तर काढूच नका. नुसतं बघा. कोण कोणाच्या पाया पडतं? कावडीवाले आणि साधे भाविक कोणाकडे आशीर्वाद मागतात? कोण बाजूला सरकतं? दुकानदार कोणत्या शब्दांनी हाक मारतो? आई मुलाला काय सांगते? तिथे जे दिसलं ते आणि तुम्हाला त्याचा जो अर्थ वाटला तो, वहीच्या दोन वेगळ्या पानांवर लिहा. रात्री मुक्कामी पोचल्यावर लगेच लिहा. सकाळपर्यंत आपलं मन गोष्टी नीटनेटक्या करून टाकतं.

नाशिक-त्र्यंबकचा पुढचा सिंहस्थ समोर आहे आणि २०२७ मध्ये कॅमेऱ्यांची झुंबड उडेल. तृतीयपंथी साधूंचा किन्नर आखाडा २०१५ मध्ये स्थापन झाला आणि २०१६ च्या उज्जैन सिंहस्थात ठळकपणे पुढे आला. नाशिकचा आधीचा कुंभ त्याच्या थोडा आधीच झाला होता. म्हणून इथे काय घडतं ते नोंदवणं महत्त्वाचं ठरेल. पण आखाडा हा एक आवाज आहे. हिजडा समाजात मुस्लिम गुरू आहेत, हिंदू चेले आहेत, देवी आणि दर्गा दोन्ही मानणाऱ्या आहेत, आणि आखाड्याशी सहमत नसलेल्याही आहेत. रामकुंडावर जे दिसेल त्यावरून पाथर्डी फाट्यावर राहणाऱ्या कुणाबद्दल निष्कर्ष काढू नका.

आणि जे दिसत नाहीत त्यांचा विचार मुद्दाम करा. गड, कुंभ, सिग्नल या ठिकाणी बहुतेक ट्रान्स स्त्रियाच दिसतात, म्हणून अभ्यासही त्यांचेच होतात. ट्रान्स पुरुष, समलिंगी स्त्रिया, लग्न झालेल्या उभयलैंगिक व्यक्ती कुठेच जमत नाहीत. मुंबईतल्या लेबिया या गटाने जन्मतः मुलगी ठरवलेल्या क्वीअर (लिंगभाव-लैंगिकतेच्या रूढ चौकटीत न बसणाऱ्या) व्यक्तींच्या जीवनकथांवर २०१३ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. घर, शाळा, काम या सगळ्या जागा त्यात वेगळ्याच दिसतात. नाशिकमध्ये असं काम करायचं तर ओळखीतून ओळख अशाच मार्गाने, सावकाश, आणि कुणाला शोधत न जाता करावं लागेल. तुम्ही असा अभ्यास करताय हे कळू द्या. ज्यांना बोलायचं आहे ते तुमच्याकडे येतील. आरोग्य कार्यक्रमांत काम करणाऱ्या संस्थांची मदत होते, पण तिथे ‘एमएसएम’ (पुरुषांशी लैंगिक संबंध ठेवणारे पुरुष) यांसारखे शब्द एचआयव्ही प्रतिबंधाच्या सोयीसाठी आलेले आहेत. माणूस स्वतःला कोती (बायकी वळणाचा) म्हणतो, पंथी (कोतीचा पुरुषी जोडीदार) म्हणतो की काहीच म्हणत नाही, ते त्याच्याच तोंडून ऐका.

मग तुलना

आपली जागा अशी ओळखीची झाली की देशोदेशीची वर्णनं बोलू लागतात. दोन समाज शेजारी ठेवताना दोघांनाही तेच प्रश्न विचारा. त्या व्यक्तीला ही ओळख कोण देतं: ती स्वतः, घर, गुरू की देव? ती कोणत्या वयात येते आणि परत फिरता येतं का? पोट कशावर चालतं? आईवडिलांच्या घरात आणि जमिनीत वाटा असतो का? आजारपणात कोण बघतं? मेल्यावर अंत्यविधी कोण करतं? हुचितानची मुशे बहुधा आईच्या घरात राहते. हिजडा घराण्यातली चेला आईचं घर सोडून गुरूच्या घरी जाते. म्हातारपणाच्या एका प्रश्नातून या दोन व्यवस्थांमधला जेवढा फरक कळतो, तेवढा ‘तिसरं लिंग’ या एका शब्दातून कधीच कळणार नाही.

एका समाजाचं नाव दुसऱ्याला चिकटवू नका. उत्तर अमेरिकेतल्या मूळनिवासी लोकांनी १९९० मध्ये विनिपेगला जमून ‘टू-स्पिरिट’ हे नाव स्वतःसाठी घेतलं, कारण वसाहतकारांनी दिलेला शब्द त्यांना नको होता. ते त्यांचं आहे. आपल्या जोगत्यांना ते लावणं हे पुन्हा तेच झालं, बाहेरून नाव देणं.

लिहून झाल्यावर

अहवाल इंग्रजीत सादर करायचा असला तरी त्याची आठ-दहा पानं साध्या मराठीत करा आणि ज्यांच्याशी बोललात त्यांना वाचून दाखवा. अनेकींचं शाळेत जाणं छळामुळे लवकर सुटलेलं असतं, म्हणून नुसता कागद देऊन येऊ नका. ‘हे मी असं म्हणाले नव्हते’ असं कोणी म्हटलं तर तुमचं मुद्रण आणि त्यांचं म्हणणं दोन्ही ऐका. अर्थावर मतभेद उरला तर तो अहवालात तसाच नोंदवा. वाक्य काढायला सांगितलं तर काढा, मग ते तुमचं सगळ्यात चांगलं वाक्य असलं तरी. आणि माघार घ्यायची शेवटची तारीख पहिल्या भेटीतच सांगितलेली असू द्या: महाविद्यालयात अहवाल जमा होण्याच्या आदल्या आठवड्यापर्यंत कोणीही, कारण न देता, आपली मुलाखत परत घेऊ शकतं. त्यासाठी तुमचा फोन नंबर त्यांच्याकडे लिहून द्या, आणि त्या आठवड्यात फोन उचला.